जोड मोजायची नसते

सौंसरच्या बसस्टँडमागच्या मोहल्ल्यात कोणालाही विचारा, सुखदेव सोमकुवरची पंचफुला कधी एका जागी बसली होती का. लोक हसतील. पायाला भिंगरी बांधूनच आलेली पोट्टी ती. शाळा सुटायच्या आधी दप्तर पाठीवर, जेवताना एक पाय उंबऱ्याबाहेर, आणि विहारात वंदनेला बसली तरी गुडघा आपला हलतोच आहे. तिची आई शांताबाई वैतागून म्हणायची, "बाई, तुह्या अंगात का मुंग्या भरल्या?" अशा पोरीला नोकरी लागली ती कोणती, तर अंधाऱ्या खोलीत, स्टुलावर, दिवसभर मान न हलवता बसायची. आता याला काय म्हणावं ते तुम्हीच म्हणा.

नोकरीचं सांगतो, पण आधी बाप सांगितला पाहिजे. पुढचा सगळा घोळ बापाकडूनच आला.

सुखदेव संत्र्याच्या बगीच्यांत मोजणीचं काम करायचा. बहार उतरला की झाडाखाली ढीग पडायचा, एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला व्यापाऱ्याचा माणूस, आणि मधे उकिडवा बसलेला सुखदेव. एका हातात दोन, दुसऱ्या हातात तीन, अशी पाच फळं उचलून पलीकडे टाकायची आणि तोंडानं मोजणी गात राहायची. पहिल्या उचलीला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, मग तीन. मालक आणि व्यापारी एकमेकांना चोर समजायचे, पण सुखदेवच्या मोजणीवर दोघंही डोळे मिटून मान डोलवायचे.

त्याचा एक नियम होता, त्याच्या बापापासून चालत आलेला. जोडफळ मोजायचं नाही. एका देठाला चिकटून दोन संत्री आली, की त्यांना एक धरलं तर मालक कुरकुरतो, दोन धरलं तर व्यापारी कुरकुरतो. म्हणून ती जोड मोजलेल्या ढिगात जायचीच नाही, ती मोजणाऱ्याची. संध्याकाळी ती सुखदेवच्या दुपट्ट्याच्या गाठीत घरी यायची आणि पंचफुलाच्या हातात पडायची.

"पोरीच्या जातीनं जोड खाऊ नाई," शांताबाई रोज म्हणायची. "जुळे होतात."

"दीक्षा घेतली तवाच हे सारं सोडलं ना आपण?" सुखदेव म्हणायचा.

"दीक्षा तुमी घेतली. पोट तिचं हाय."

पंचफुला तोवर सालं काढून मोकळी झालेली असायची. सुटीच्या दिवशी ती बापासोबत बगीच्यात जायची आणि ढिगातली जोड बापाच्या आधी हेरायची. बोट दाखवायची नाही, नुसती नजर टाकायची, आणि बापाचा हात ती फळं वगळून पुढे जायचा. तिला त्यात मोठी शान वाटायची. चांगला मोजणारा कोण? जो जोड चुकूनही मोजत नाही तो. हे तिच्या डोक्यात असं बसलं की पुढे तिनं बी. एस्सी. केलं, पदार्थविज्ञानात कसाबसा दुसरा वर्ग काढला, तरी ते काही हललं नाही.

आता नोकरी. सत्त्याऐंशी साल होतं. पांढुर्ण्याला एका कॉलेजात कळंबे सर होते, नागपूरकडचे, चष्मेवाले, बोलता बोलता खडू खिशात टाकून मग दिवसभर शोधत फिरणारे. त्यांनी कुठल्याशा मोठ्या प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार करून दोन सूक्ष्मदर्शक आणि एक पेटीभर काचा मिळवल्या होत्या. काचा बघायला दोन मुली हव्या होत्या. पंचफुला आणि पांढुर्ण्याचीच अलका घागरे अशा दोघी लागल्या. कॉलेजच्या मागच्या कोठीला काळे पडदे लावले आणि सरांनी त्यांना पहिल्या दिवशी समोर बसवून सांगितलं.

"युरोपात एक फार मोठं यंत्र आहे. त्यात अणूंची केंद्रं पळवतात. कधी नुसता प्रोटॉन, कधी ऑक्सिजनचं अख्खं केंद्र. त्या माऱ्यासमोर ठेवून आणलेल्या या काचांवर जो लेप आहे ना, त्यात चांदी आहे. ऑक्सिजनचं केंद्र येऊन त्यातल्या एखाद्या केंद्रावर आदळलं, की त्या धडकेतून नवेच कण जन्माला येतात. त्यांतले बहुतेक मेसॉन, आणि मेसॉनांतले सगळ्यात हलके ते पायॉन. कण लेपातून गेला की त्याच्या वाटेवर काळे ठिपके उमटतात, ती त्याची रेष. जिथे धडक झाली तिथून सगळ्या रेषा फुटलेल्या दिसतील, त्याला आपण तारा म्हणू. किती हलके मेसॉन निघाले ते मोजायचं. बस, एवढंच आपलं काम आहे."

"बस एवढंच," अलका पंचफुलाच्या कानाशी पुटपुटली.

"पण एक पायॉन असा आहे की त्याच्यावर विद्युतभार नाही. तो रेषच उमटवत नाही."

"मंग तो मोजाचा कसा, सर? भूत होय का?" अलकानं विचारलं.

सरांना प्रश्न आवडला. "तो जन्मला की लगेच फुटतो, त्याचा प्रकाश होतो. तो प्रकाशही दिसत नाही. पण कधीकधी तो थोडा पुढे जाऊन एक इलेक्ट्रॉन आणि त्याचा उलट भाराचा जोडीदार यांत बदलतो. ताऱ्यापासून जरा दूर, रिकाम्या जागेत, एका ठिकाणाहून दोन बारीक रेषा निघालेल्या दिसतील. ती जोड. तिला ताऱ्यातल्या रेषांत मिसळू नका."

इथंच घोळ झाला. 'मिसळू नका' एवढं ऐकलं आणि पंचफुलाच्या मनानं सांगितलं, हे तं आपल्याले लहानपणापासून ठाऊक हाय. सर पुढे सांगत होते की जोड्या वेगळ्या रकान्यात लिहा, अंतरासकट लिहा, त्या बिनरेषेच्या पायॉनचा तेवढाच पुरावा आपल्या हाती असतो. पण पंचफुला तोवर संत्र्याच्या ढिगापाशी जाऊन बसली होती. माणसाला एखादी गोष्ट आधीच येते असं वाटलं ना, की त्याचे कान बंद होतात. तुमचे माझे झाले नाहीत का कधी?

काम सुरू झालं. रोज सकाळी सौंसरहून बस. शनिवारी आणि मंगळवारी जामसावळीच्या मारुतीला जाणाऱ्यांची गर्दी, नारळाच्या पिशव्या गुडघ्याला लागायच्या, फाट्यावर अर्धी बस रिकामी व्हायची आणि मग कुठं बसायला मिळायचं. कोठीत पोचलं की काचेवर तेलाचा थेंब टाकायचा, भिंग खाली आणायचं, डोळा लावायचा आणि इंचाइंचानं तारे शोधत जायचं. लाइट गेली तर सरांच्या स्कूटरची बॅटरी काढून आणायची.

पहिले काही दिवस पंचफुलाचा गुडघा टेबलाला लागून हलायचा, आणि एकच टेबल असल्यानं अलकाचा तारासुद्धा हलायचा. "माय, तुहा पाय आवर, मले भूकंप दिसून राहिला," अलका ओरडायची. शेवटी पंचफुलानं ओढणीनं आपला घोटा स्टुलाच्या पायाला बांधून टाकला. तेव्हापासून ती रोज आली की आधी पाय बांधायची, मग डोळा लावायची. सर पाहून न पाहिल्यासारखं करायचे.

आणि खरं सांगू? तिला ते काम आवडलं. मन एका जागी न ठरणाऱ्या पोरीला असं काहीतरी सापडलं होतं की ज्यात नजरेनं हवं तितकं पळता येतं. ती मनातल्या मनात 'लाभ' म्हणून पहिली रेष धरायची आणि पुढे मोजत जायची. जोड दिसली की वगळायची. जोडीच्या रकान्यात एक आडवी रेघ. दुपारी सर तिचे कागद गोळा करायचे तेव्हा तिला वाटायचं, बापानं पाहिलं असतं तर खूश झाला असता.

पुढच्या वर्षी पौष उलटल्यावर सरांनी दोघींचे कागद समोर घेतले. इतके दिवस ते ताऱ्यांतल्या रेषांचाच हिशेब करत होते, जोड्यांकडे आता वळले. संध्याकाळी ते कोठीत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता.

"पंचफुला, अलकाच्या काचांत जोड्याच जोड्या आहेत. तुझ्या काचांत एकही नाही. असं कसं?"

"होत्या ना, सर," पंचफुला म्हणाली. "लय होत्या. मी मोजल्या नाही."

"का?"

"जोड मोजत नसतात ना."

सरांनी हातातले कागद खाली ठेवले. अलकाला हसू आलं, पण सरांचं तोंड बघून तिनं ते गिळलं. पंचफुलानं सगळं सांगितलं, बगीचा, बाप, मालक, व्यापारी. सांगता सांगता तिच्याच लक्षात येत गेलं की आपण काय करून बसलो, आणि शेवटचं वाक्य तिच्यानं पुरं झालं नाही.

सर रागावले. चांगले रागावले. वर्षभराच्या कामातला अर्धा भाग तिचा होता. "बिनरेषेचा पायॉन तू फेकून दिला, सगळाच्या सगळा," ते म्हणाले. "आता बाकीच्या रेषा तू कशा मोजल्या असशील, याचाही मला भरवसा कसा वाटावा? तुझ्या काचा हिशेबातून बाहेर. अलकाच्या ठेवतो."

काचा बाहेर. त्या रात्री पंचफुला ताटावरून तशीच उठली. नोकरी जाईल याचं भय नव्हतं असं नाही, पण तिला खात होतं ते दुसरंच. वर्षभर पाय बांधून बसले, आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसले, आणि ते बसणं झालंच नाही असं कोणीतरी म्हणणार.

दुसऱ्या दिवशी ती सरांसमोर उभी राहिली. "सर, फळ असतं तं सडलं असतं. रेषा तं काचेत तशाच हायेत. मी पुन्हा पाहतो साऱ्या."

सरांनी डोकं खाजवलं. काचा होळीनंतर परत पाठवायच्या होत्या, त्या दुसऱ्या कोणाला हव्या होत्या. शेवटी म्हणाले, "बघ. होळीपर्यंत जोड्या काढ. मग त्यातले काही तारे मी निवडतो, ते अलका तुझे कागद न पाहता तपासेल. दोघींचा मेळ बसला तर तुझ्या काचा राहतील. नाही बसला तर मला पुन्हा विचारू नको."

आणि मग सुरू झाली ती तगमग. आधी जोड्या दिसल्या तरी न मोजणारी पोरगी, आता तिला जिकडेतिकडे जोड्या दिसायला लागल्या. तारेवरच्या दोन चिमण्या, बसच्या खिडकीचे दोन गज, समोर बसलेल्या बाईच्या दोन वेण्या. भिंगाखाली तर विचारूच नका. मोठा तारा असला की रेषा झाडूच्या काड्यांसारख्या दाटीनं पुढे धावतात, त्यांत कुठल्या दोन जवळ आल्या की ती थांबायची, ही जोड तर नाही? सुटली तर? आणि ती लिहून टाकायची. लिहिल्यावर वाटायचं, नसेल. खोडायची. मग पुन्हा लिहायची. पाय बांधलेला असून स्टूलच करकरायचं.

एका रविवारी मृग बहाराची तोड चालू होती तिथे ती बापाला गाठायला गेली. सुखदेव मोजून राहिला होता. त्यानं ढिगातून एक जोड उचलली, नेहमीसारखी बाजूला ठेवली, आणि हसून लेकीकडे पाहिलं. तेवढं पुरलं. पंचफुलाचा तोल गेला.

"ठेवा, ठेवा बाजूले," ती म्हणाली. "तुमच्या ह्या जोडीपायीच माह्या काचा फेकून राहिले तिकडे. वर्षभराचं काम मातीत गेलं माहं."

मालक होता, व्यापाऱ्याचा माणूस होता, तोडणाऱ्या बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. सुखदेव मोजणी विसरला, जी तो कधी विसरत नसे. हातातली फळं खाली ठेवून त्यानं विचारलं, "काय झालं ते सांग तं खरं."

तिनं सांगितलं. मेसॉन आणि ऑक्सिजन त्याला काय कळणार, पण मोजणीची गोष्ट त्याला कळली. "आता मोजून राहिली ना मंग?"

"मोजून राहिली. पण आता साऱ्याच जोड्या दिसतात."

"देठ पाहत जाय," सुखदेव म्हणाला. "देठ एक तं जोड. देठ दोन तं ते शेजारी. शेजाऱ्याले जोड म्हणू नाई."

सरांनीही हेच सांगितलं होतं, एका ठिकाणाहून निघालेल्या दोन रेषा. पण तिला त्या वेळी कोणाचंच ऐकून घ्यायचं नव्हतं. ती तशीच फणफणत निघून गेली. त्या दिवसापासून सुखदेवच्या दुपट्ट्याच्या गाठीत जोड आली नाही. पंचफुलाच्या ते ध्यानातही आलं नाही.

होळी झाली. गालावरचा रंग निघायच्या आधीच सरांनी तपासणी लावली. त्यांनी निवडलेले तारे अलकानं आधीच पाहून ठेवले होते. आता सर एकेकीचा आकडा मोठ्यानं वाचत होते. जुळला. जुळला. पुन्हा जुळला. मग एका ताऱ्यात पंचफुलाची एक जोड जास्त निघाली. सरांनी खूण केली. पुढे आणखी एकात तसंच. मग पुन्हा जुळत गेले, आणि शेवटचा तारा आला. त्यातही पंचफुलाची एक जास्त.

सरांनी स्वतः डोळा लावला. "लेपात खोल आहे," ते म्हणाले. "धूसर दिसते. असूही शकेल."

"मलेच घाईत सुटली असन, सर," अलका म्हणाली. तिनं टेबलाखालून पंचफुलाच्या पायाला पाय लावला. गप्प राहा, असा त्याचा अर्थ होता. चांगली मैत्रीण होती ती.

गप्प राहिलं असतं की झालं असतं. सरांनी पेन्सिल उचललीही होती.

"मी एकदा पाहू का, सर?"

पंचफुला स्टुलावर बसली. पाय बांधायचं तिला सुचलं नाही. तिनं ताजा थेंब टाकला, भिंग हळूहळू खाली नेलं, आणि त्या दोन रेषा धरून उलटी मागे मागे येऊ लागली, फांदीवरून देठाकडे यावं तशी. दोन्ही रेषा जवळजवळ होत्या, इतक्या जवळ की श्वास सुटला तर एक वाटाव्या. पण त्या एका ठिकाणी मिळाल्या नाहीत. एक आपल्या वाटेनं ताऱ्यात गेली, दुसरी आपल्या वाटेनं ताऱ्यात गेली. तिनं तीनतीनदा पाहिलं. तिला फार वाटत होतं की मिळाव्यात. मिळाल्या नाहीत.

"सर, ही जोड नाही," ती म्हणाली. "हे शेजारी हायेत. दोघांचा देठ वेगळा हाय. मी भेवापायी लिहिली. आधीच्या दोन बी तशाच असतील."

अलकानं कपाळाला हात लावला. सर पुन्हा वाकले, बराच वेळ पाहत राहिले, मग खुर्चीत मागे रेलले. पंचफुला उभी. तिला रडू येत होतं आणि ते तिला सरांसमोर नको होतं.

"म्हणजे आधी तू काहीच मोजत नव्हती, आणि आता थोडं जास्त मोजून राहिली," सर म्हणाले.

"हो, सर."

"जास्त किती, ते या ताऱ्यांवरून काढता येईल. तेवढं मी सगळ्यांतून वजा करीन." त्यांनी खडू शोधायला खिशात हात घातला आणि चक्क सापडला. "प्रत्येक मोजणीत चूक असते. किती आहे ते माहीत असलं की तिच्यासकट काम चालतं. मला भीती एवढीच होती की तू तुझी चूक मला दाखवणार नाहीस. काचा राहतील तुझ्या."

फळ्यावर काहीतरी लिहीत ते पाठमोरे झाले, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, ते बरंच केलं.

परतीच्या बसमध्ये पंचफुला खिडकीशी बसून उघड उघड रडली. जामसावळीच्या फाट्यावर चढलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "का झालं, बाई? कोणी गेलं का?"

"नाही, माय. राहिलं."

म्हातारीला काही कळलं नाही. तिनं पिशवीतून नारळाचा तुकडा काढून पंचफुलाच्या हातात ठेवला. पंचफुलानं तो खाल्ला.

घरी शांताबाई चुलीशी होती, सुखदेव ओट्यावर बसला होता. पंचफुलानं चपलाही काढल्या नाहीत. "बा, काचा राहिल्या," ती म्हणाली, आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची नजर त्याच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे गेली. गाठ नव्हती. "माही जोड कुठी हाय?"

सुखदेवनं दुपट्टा खांद्यावर सारखा केला. शांताबाईच आतून बोलली, "आता जोड मोजतात ना तुहे बाबा. तू बोलून गेली तवापासून ढिगात टाकून राहिले. दोन म्हणतात. व्यापाऱ्याचा माणूस भांडला, आता दुसऱ्याले बसवतो म्हणे मोजाले."

सर रागावले तेव्हा इतकं लागलं नव्हतं. ती बापाजवळ ओट्यावर बसली. "बगीच्यात नका मोजू, बा," ती म्हणाली. "काचेतली मी मोजतो. बगीच्यातली माही हाय."

सुखदेव उठला, रांजणामागे हात घातला आणि एक जोडसंत्रा काढून आणला. साल सुकून कडक झालं होतं, त्याच रविवारचा असावा. "हा ढिगात टाकाले हात नाही गेला," तो म्हणाला.

पंचफुलानं तो सोलला. आतून बरा निघाला. अर्धा तिनं बापाला दिला, उरलेल्यातला अर्धा आईपुढे धरला. शांताबाईनं आधी फोडींकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग नवऱ्याकडे.

"आण," ती म्हणाली. "आता मले का जुळे होतात."

तिघंही ओट्यावर बसून खात होते, आणि पंचफुलाचा गुडघा पुन्हा हलायला लागला होता. कोणी तिला थांब म्हणालं नाही.